कबड्डीत डोकं जागेवर कसं ठेवायचं, खास करून आऊट होऊन बाहेर बसल्यावर

दम कमी पडला म्हणून मॅच गेली असं सगळे म्हणतात, पण लोकल टुर्नामेंट जरा नीट बघा, बऱ्याचदा आधी डोकं जातं आणि दम त्याच्या मागून जातो. मी हे मुख्यतः रेडरसाठी, म्हणजे चढाईला जाणाऱ्यासाठी लिहितोय, पण पकड करणाऱ्या कॉर्नर-कव्हरवाल्यांनाही (कडेचे आणि त्यांच्या आतले बचावपटू) बरंचसं लागू पडेल.

रेड चालू असताना घाबरायला वेळच नसतो, ३० सेकंदांत काय ते करायचं असतं. खरा त्रास होतो बाहेर बसल्यावर. तीच पकड डोळ्यासमोर येत राहते, अँकल कोणी धरला, पंचांनी बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकल्याचा पॉइंट) का नाही दिला, कोच आता काय बोलणार, आणि मग टीमने पॉइंट काढून तुम्हाला आत घेतलं की तुम्ही तोच राग घेऊन पुढच्या रेडला पळता आणि परत त्याच कॉर्नरच्या हातात सापडता. म्हणून बाहेर बसलात की डोक्याला काम द्या. समोरचा लेफ्ट कॉर्नर बघा, रेडर बोनसला पाय टाकतो तेव्हा तो जागा सोडतो का, कव्हर डॅश मारायला, म्हणजे धक्का देऊन बाहेर काढायला कधी निघतो, साखळीत हात कोणाचा सुटतो. यातली एकच गोष्ट पक्की करा आणि आत जाताना तेवढीच घेऊन जा, दहा गोष्टी नकोत.

मध्यरेषा ओलांडायच्या आधी समोर किती जण आहेत ते मोजा. सहा किंवा जास्त असतील तरच बोनस आहे, तीन किंवा कमी असतील तर सुपर टॅकलची भीती, म्हणजे पकडलं गेलात तर त्यांना दोन पॉइंट. हे मोजणं हिशोबासाठी तर हवंच, पण मोजताना मनही आपोआप जागेवर येतं. मग एक पूर्ण श्वास सोडा, परत भरून घ्या आणि कबड्डी कबड्डी लयीत सुरू करा. घाबरलं की तो आवाज घाईचा आणि वरवरचा होतो आणि दम निम्म्यात संपतो, त्यामुळे स्वतःच्या आवाजाकडे लक्ष ठेवा, तो पळायला लागला की पाय पण चुकणारच.

डू ऑर डायची (लागोपाठ दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत पॉइंट काढायचा, नाहीतर आऊट) भीती मात्र नुसत्या समजुतीने जात नाही, त्याची प्रॅक्टिस लागते. सराव संपत आला, पाय दुखायला लागले की कोचला सांगा, एक पॉइंटने मागे आहोत, शेवटची रेड, डू ऑर डाय, आणि बाकीच्या पोरांनी बाहेरून बोंबलायचं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी करा.

मागे असलात की बोर्डकडे कमी बघा. २०१६ च्या वर्ल्ड कपची फायनल आठवा, अहमदाबादला, इराणविरुद्ध हाफ टाइमला आपण १३-१८ मागे होतो आणि शेवटी ३८-२९ जिंकलो. पाच पॉइंट एका लोणाच्या आसपास फिरतात हो, समोरची सगळी टीम आऊट केली की त्या लोणाचे दोन जादा मिळतातच.

वाद झाला तर? २०२३ च्या एशियन गेम्सची फायनल, परत इराणच, २८-२८ असताना आपला रेडर पवन सेहरावत याच्या डू ऑर डाय रेडवरून वाद झाला आणि मॅच बराच वेळ थांबली, नंतर आपण ३३-२९ ने जिंकलो. अशा वेळी पंचांशी फक्त कॅप्टनने बोलायचं, बाकीच्यांनी मागे येऊन पाय हलते ठेवायचे, अंग थंड पडू द्यायचं नाही आणि पुढची रेड कोण मारणार ते तेवढ्यात ठरवून टाकायचं. पंचांना घेराव घालणाऱ्या टीमचं चित्त पुढच्या रेडवर नसतं, हे मला मनापासून वाटतं.

आणि हरलात तर त्याच रात्री ग्रुपवर चुका काढत बसू नका. जेवा, झोपा, दुसऱ्या दिवशी कोणी मोबाईलवर शूट केलं असेल तर पकडली गेलेली एकच रेड बघा, पाय कुठे पडला ते बघा आणि ग्राउंडवर जाऊन तेवढंच सुधारा.