खेळणं थांबायच्या आधीच कोचिंगची तयारी कशी करायची

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की किंवा तिशी उलटली की आपल्याकडचे बरेच फुटबॉल प्लेअर एकच वाक्य बोलतात, "आता कोचिंग करू." मीपण तेच बोललो होतो, आणि पहिल्याच आठवड्यात बारा वर्षांच्या एका पोराने विचारलं, सर शॉट मारताना दुसरा पाय कुठं ठेवायचा? मी इतकी वर्षं स्ट्रायकर खेळलो पण उभ्या पायाचा विचारच कधी केला नव्हता, तो आपोआप पडायचा. म्हणून सगळ्यात आधी हे मनात पक्कं करा की खेळता येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं काम शून्यापासून शिकावं लागतं, भले तुम्ही कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फायनल खेळला असाल किंवा मुंबईच्या कूपरेजवर लीग.

सुरुवात खेळत असतानाच करा, रिटायर झाल्यावर नको. सोपा उपाय सांगतो, एक वही घ्या आणि प्रत्येक प्रॅक्टिसनंतर लिहा की आज कोचने काय घेतलं, किती जण होते, ग्राउंड केवढं आखलं होतं आणि मुख्य म्हणजे ते का घेतलं असावं. तो का आपण प्लेअर म्हणून कधीच विचारत नाही, मॅच झाली की चहा पिऊन घरी. वर्षभर लिहिलंत तर शंभरेक सेशन तुमच्याकडे जमा होतील आणि कुठलं चाललं, कुठलं फसलं तेपण कळेल.

मग लायसन्स. आपल्याकडे उतरंड अशी आहे की खाली एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी, त्याच्यावर सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो, सी पासून पुढची एएफसीची (आशियाई फुटबॉल महासंघाची) असतात. डी साठी वय १८ पूर्ण लागतं, कोर्स काही दिवसांचाच असतो आणि अर्ज आपल्या राज्याच्या असोसिएशनमार्फत होतो, म्हणजे महाराष्ट्रात विफा आणि गोव्यात जीएफए. कोर्सच्या तारखा आल्या की जागा पटकन भरतात म्हणून जिल्हा असोसिएशनमधल्या कुणाशी तरी ओळख ठेवा आणि महिन्यातून एकदा विचारत राहा. एक लायसन्स मिळालं की लगेच पुढच्याला पळू नका, मधल्या काळात खरोखर टीम सांभाळलेली असावी लागते. वरची लायसन्स ठरावीक काळाने रिन्यूपण करावी लागतात. शाळेत किंवा सरकारी खात्यात कोच म्हणून लागायचं असेल तर बऱ्याच जाहिरातींत एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा मागतात, तो रस्ता वेगळा आहे, त्याचीपण चौकशी आत्ताच करून ठेवा.

आता खरं काम. पहिली टीम लहान पोरांचीच घ्या, अंडर टेन, अंडर थर्टीन, सिनियर टीमच्या बेंचवर बसायची घाई नको. मी सुरुवातीला जे केलं ते करू नका, वीस पोरं एका लाईनीत उभी, एक गोल, एकेक जण शॉट मारून परत मागे. दहा मिनिटांत एकेका पोराला जेमतेम पाच शॉट मिळाले आणि बाकी वेळ ती एकमेकांना ढकलत होती. त्यापेक्षा चार छोटी ग्राउंड आखा, खुणेचे प्लास्टिकचे कोन नसतील तर चपला ठेवा, पाच-पाच जणांचे गट करा, आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध एक, मधला पोरगा बॉल हिसकावणार. यात पास, फर्स्ट टच म्हणजे आलेला बॉल पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणं, मान वळवून बघणं सगळं एकदम येतं आणि रिकामं कुणी उभं राहत नाही. शेवटची वीस मिनिटं मॅच ठेवाच, पोरं त्यासाठीच आलेली असतात. बॉलपण वयाप्रमाणे हवा, आठच्या खालच्यांना तीन नंबर, आठ ते बाराला चार नंबर, पाच नंबरचा जड बॉल लहान पोराला दिला की त्याची किकच बिघडते आणि मग ती सुधारायला फार वेळ जातो. आणि बाहेरून सारखं "पास दे, पास दे" ओरडू नका. खेळ थांबवा, जागच्या जागी उभं करा आणि विचारा, आत्ता मोकळं कोण होतं? उत्तर त्याचं त्याला शोधू दे.

वर कुठपर्यंत जाता येतं हे बघायचं असेल तर खालिद जमील यांचं करिअर नीट बघा, मी माझ्या पोरांना हेच सांगतो. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी असं सगळं मुंबईतलं खेळणं, दुखापतींनी खेळ थांबला आणि २००९ मध्ये त्याच मुंबई एफसीचे कोच झाले. तिथं मोठं बजेट नव्हतं, बरेच सीझन खाली न घसरण्याची लढाई होती, तरी ते सातेक वर्षं टिकले. मला वाटतं त्यांची खरी शाळा तीच. कारण नंतर ऐझॉल एफसी मिळाली, जी आदल्या सीझनला रेलिगेट होऊन, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलली जाऊन, परत आत घेतली गेलेली टीम होती आणि तिला त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग, देशपातळीवरची क्लबांची लीग, जिंकून दिली, शेवटच्या मॅचला शिलाँग लाजोंगबरोबर १-१ करून. पुढे नॉर्थईस्ट, जमशेदपूर हे क्लब आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा कोच. खेळ थांबल्यापासून तिथपर्यंत सोळा वर्षं गेली, हे विसरू नका.

पैशाचं स्पष्ट बोलतो. पहिली दोन-तीन वर्षं कोचिंगवर घर चालेल असं धरू नका, नोकरी असेल तर सोडू नका. क्लबसुद्धा बंद पडतात, महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी, मुंबई एफसी तिन्ही आज नाहीत. कोच डेरिक परेरांनी महिंद्राला २००५-०६ ची नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकून दिली, पुणे एफसीला २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरं आणलं, ते दोन्ही क्लब गेले पण परेरांना काम मिळत राहिलं कारण लायसन्स आणि नाव त्यांचं स्वतःचं होतं. म्हणून सकाळी शाळा, संध्याकाळी अकॅडमी असं दोन ठिकाणी पाय ठेवून चाला. मॅच गॅलरीतून मोबाईलवर शूट करून कापायला शिका, व्हिडिओ बघून सांगणारा माणूस टीमला लागतोच आणि बऱ्याच जणांना ते येत नाही.

डी च्या कोर्सला जाताना एक लक्षात ठेवा, तिथं दुसरे कोच सेशन घेतात तेव्हा प्लेअर तुम्हीच असता, रोज सकाळ-संध्याकाळ पळावं लागतं. आधी महिनाभर जॉगिंग करा, नी-कॅप, दोन जोड बूट आणि शिट्टी बॅगेत टाका, आणि तुमचं सेशन घ्यायची पाळी यायच्या आदल्या रात्री ते कागदावर काढून रूममेटला मोठ्याने समजावून सांगा, त्याला कळलं नाही तर झोपायच्या आधी बदला.