होम लोनवर घर घेताय? मग इसार द्यायच्या आधी बँकेचा वकील काय काय मागतो ते बघून घ्या

मी सोलापुरात एका वकील साहेबांच्या ऑफिसला सर्चचं काम बघतो, म्हणजे रजिस्टर ऑफिसला बसून इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश उतारा) काढायचे, सिटी सर्व्हेतून उतारे आणायचे आणि रिपोर्ट टाईप करायचा. साहेब दोन तीन बँकांच्या पॅनेलवर आहेत. त्यामुळं आठवड्यातून एकदा तरी कोणतरी समोर डोक्याला हात लावून बसलेलं असतंय, इसार देऊन झालाय, वास्तुशांतीची तारीख पण काढून झालीय आणि बँक म्हणती लीगल क्लिअर नाही. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

पहिलं डोक्यात फिट करा, बँकेच्या पॅनेलवरचा वकील हा बँकेचा वकील असतोय. त्याची फी तुमच्या खात्यातून कटती म्हणून तो तुमचा होत नाही. त्याला बँक एकच विचारती, उद्या हप्ते थकले तर ही मिळकत आम्हाला विकता येईल का? गच्चीचा हक्क कुणाचा, पार्किंग कागदावर आहे का नुसतं तोंडी, सोसायटीची बाकी किती, शेजाऱ्याशी भिंतीवरनं भांडण आहे का, हे त्याच्या फॉरमॅटमध्ये बसत नसलं तर तो कशाला बघंल. म्हणून जमत असंल तर तुमचा वेगळा वकील लावा, चार पाच हजार जास्त गेले तर जाऊ द्यात, फर्निचरवर दीड लाख घालणारी माणसं हितंच का हात आखडता घेतात मला कळत नाही.

आणि वकिलाची बाजू पण ऐका. लोकांना वाटतं वकील मुद्दाम अडवतोय. बँक त्याला छापील फॉरमॅट देती, सहसा ३० वर्षांचा सर्च मागती, सर्चची सरकारी पावती जोडायला लावती, प्रत्येक खरेदीखत ओरिजिनल बघितलं का झेरॉक्स ते लिहून घेती. रिपोर्ट चुकीचा निघाला आणि त्यात फ्रॉड झाला तर त्याचं नाव इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीत जाऊ शकतं, मग बाकीच्या बँकांचं काम पण बंद. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नुसतं ओपिनियन चुकलं म्हणून वकिलाला कटात ओढता येत नाही, पण ते शेवटी कोर्टाची पायरी चढल्यावर. त्यामुळं जिथं शंका तिथं तो एक कागद जास्तच मागणार, तुम्ही कितीपण ओळखीचे असा.

आता इसार. सोलापुरात अजून पण पाचशेच्या स्टॅम्पवर इसारपावती करतात आणि त्यात एक ओळ ठरलेली, "मुदतीत खरेदी न केल्यास इसार जप्त". ही ओळ लोनवाल्यासाठी लई धोक्याची आहे, कारण मुदत तुमच्या हातात नसतीच, बँकेच्या हातात असती. त्यात हे घालून घ्या, की मिळकतीच्या कागदपत्रातल्या त्रुटीमुळं बँकेनं कर्ज नाकारलं तर इसार अमुक दिवसात परत मिळंल, आणि बँकेला लागणारे कागद पुरवायची जबाबदारी घर देणाऱ्याची, म्हणजे विकणाऱ्याची. देणारा कुरकुर करतो, करू द्या. जो या ओळीला अजिबातच तयार होत नाही त्याच्या कागदात कायतरी आहे असं मी तरी समजतो. इसार चेकनं किंवा आरटीजीएसनं द्या, जागेच्या व्यवहारात २० हजार आणि त्याच्या वरची रक्कम रोख घेणं इन्कम टॅक्सला चालतच नाही आणि रोख दिलेलं बँक तुमचं मार्जिन, म्हणजे तुमच्या खिशातला वाटा, म्हणून धरत नाही. नवीन बिल्डिंग असंल तर रेरा नंबर (प्रोजेक्टचा सरकारी नोंदणी नंबर) बघा, रजिस्टर करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत.

इसाराच्या मुदतीत कागद गोळा करायचे. फ्लॅट असंल तर पहिल्या बिल्डरपासनं आजच्या मालकापर्यंतची सगळी खरेदीखतं इंडेक्स टू सकट, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, अपार्टमेंट असंल तर डीड ऑफ डिक्लरेशन (बिल्डिंग अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचा नोंदवलेला दस्त), सोसायटी असंल तर शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी, चालू वर्षाची घरपट्टी पावती. मधली एक जरी कडी गहाळ असली तर नक्कल काढा, हरवल्याची पोलिसात नोंद करा आणि पेपरला जाहीर नोटीस द्या, संचारला किंवा दुसऱ्या कुठल्या लोकल पेपरला, मग हरकतीची मुदत संपेपर्यंत थांबायचं. रजिस्टर ऑफिसच्या जुन्या इंडेक्सची पानं कधी कधी फाटलेली असतात, वकील रिपोर्टमध्ये तसं लिहितो, ते वाचून घाबरू नका, ते सगळीकडंच लिहितात.

प्लॉट किंवा रो हाऊस असंल तर सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर लेआउट. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) लिहिलंय का ते आधी बघा, असंल तर परवानगीशिवाय पुढं सरकायचं नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात घरबसल्या निघतो, इसार द्यायच्या आधल्या रात्री एवढं तरी करा. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट लई आहेत. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट नियमित करायची सोय झाली, पण सोय झाली म्हणजे तुमचा प्लॉट नियमित झाला असं नाही, दाखला हातात पाहिजे. तो नसंल तर मोठ्या बँका सहसा नाहीच म्हणतात, मग माणूस पतसंस्थेत जातो आणि जास्त व्याज भरत बसतो.

आपल्याकडं सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, एक वेगळीच गंमत असती, नावांची. आजोबांचं नाव एका खरेदीखतात नरसय्या, दुसऱ्यात नरसप्पा, घरपट्टीवर नरसिंग, आडनावाचं स्पेलिंग आधारवर तिसरंच. तेलुगू नाव, मराठी कारकुनानं ऐकून लिहिलेलं, त्यात चूक कुणाचीच नाही. पण बँकेच्या दृष्टीनं ही तीन माणसं आहेत. एकच व्यक्ती असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट आणि सोबत दोन जुने पुरावे (शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड) तयार ठेवलं की भागतं, मात्र ते देणाऱ्यानं करायचं असतंय, तुम्ही नाही.

सगळ्यात जास्त फाईली अडकतात वारसात. माझ्या मेव्हण्याचंच सांगतो. जुळे सोलापुरातला सेकंडहँड फ्लॅट, मालक वारलेले, मुलगा विकत होता, प्रॉपर्टीला नाव लावून घेतलेलं, राहायला पण तोच. मी त्या वेळी दुसऱ्या कामात होतो आणि दाजी म्हणून नुसतं "बघू की" म्हणालो, कागद काय बघितले नाहीत, चूक माझीच. मेव्हण्यानं दोन लाख इसार देऊन टाकला. बँकेच्या वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, बहिणी किती? दोन होत्या, एक हैदराबादला दिलेली. मुलगा म्हणाला त्यांची लग्नं झाली, त्यांचा काय संबंध. संबंध कसा नाही, वडिलांनी स्वतः घेतलेल्या मिळकतीत मृत्युपत्र नसंल तर मुलींना हक्क १९५६ पासनं आहे, आणि वडिलोपार्जितमध्ये पण २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलासारखीच, ते सुप्रीम कोर्टानं २०२० ला परत स्पष्ट केलंय. सोलापूरच्या बहिणीनं हक्कसोडवर सही केली. हैदराबादची अक्का मात्र रुसलेली, वडिलांच्या आजारपणात भाऊ नीट वागला नाही म्हणून. तिला आणायला मेव्हणा स्वतः गेला, साडी घेऊन गेला, दोन वेळा गेला. तोपर्यंत बँकेच्या सँक्शन लेटरची मुदत संपली, परत सॅलरी स्लिपा, परत सिबिल, आणि मधल्या काळात व्याजदर बदललेला. शेवटी झालं काम, पण वकिलानं अडवलं नसतं तर ती अक्का पाच वर्षांनी दावा घेऊन दारात उभी राहिली असती. म्हणून घर बघायला जाताना हॉल किती मोठा हे विचारायच्या आधी विचारा, घरात भावंडं किती.

आता पैशाचं गणित, हितं लोक फसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखापर्यंतच्या होम लोनला मिळकतीच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, त्याच्या वर ७५ लाखापर्यंत ८० टक्के, त्याच्या पुढं ७५. पण किंमत कुठली? करारातली आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं काढलेली यातली जी कमी ती. समजा ३२ लाखाला ठरलं. तुम्ही हिशोब केला २८.८० लाख लोन, ३.२० लाख आपले. व्हॅल्युअर आला, बिल्डिंग जुनी म्हणाला आणि २९ लाख लिहून गेला. लोन झालं २६.१० लाख, तुमचे ५.९० लाख. वर स्टॅम्प ड्युटी सोलापूर शहरात ६ टक्के म्हणजे १ लाख ९२ हजार आणि नोंदणी फी ३० हजार, ती किमतीच्या १ टक्का पण ३० हजाराच्या वर नाही. हे दोन्ही बँक किमतीत धरत नाही (१० लाखाच्या आतलं घर असंल तरच धरता येतं). म्हणजे खिशातनं ८ लाख १२ हजार, आणि हे पण बँकेनं पूर्ण ९० टक्के दिले तर. आणि जो देणारा म्हणतो २४ चा कागद करू, ८ वर द्या, त्याला सरळ रामराम करा, लोन २४ वरच मिळणार आणि वरचे ८ तुमच्या घरातनं जाणार.

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, वरच्या उदाहरणात ३२ हजार वाचले. दोघांच्या नावावर घेतलं तर ती सूट नाही. जेवढे मालक तेवढे सगळे बँकेला कर्जात पाहिजेत, उलटं मात्र चालतं, नवरा कर्जात आणि मालकीत नाही. पण मग नवऱ्याला त्या हप्त्यावर इन्कम टॅक्सची सवलत मागता येत नाही, म्हणून सीएला विचारून ठरवा. ५० लाख आणि वरचा व्यवहार असंल तर १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा.

देणाऱ्याचंच लोन चालू असंल तर घाबरायचं कारण नाही, फक्त क्रम पाळा. त्याच्या बँकेकडनं बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडं असलेल्या ओरिजिनल कागदांची यादी आधी घ्या. ती यादी तुमच्या वकिलाला आणि बँकेला दोघांना दाखवा. तुमच्या बँकेचा बाकीएवढा चेक थेट त्या बँकेच्या नावानं निघू द्या, देणाऱ्याच्या हातात नको, आणि उरलेली रक्कमच त्याला.

खरेदीखताचा ड्राफ्ट आधल्या दिवशीच बँकेच्या वकिलाकडनं पास करून घ्या. चतुःसीमा, प्रॉपर्टी कार्डाचा नंबर, क्षेत्रफळ, यात एक आकडा चुकला की चूक दुरुस्ती पत्र करायचं, म्हणजे परत सगळ्यांना गोळा करून रजिस्टर ऑफिस. खरेदी झाली की ओरिजिनल बँकेत जमा होतं, त्याची सही शिक्क्याची पोच घ्या आणि सगळ्याचं स्कॅन स्वतःकडं ठेवा. गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर बँकेकडं गहाण आहे हे रजिस्टर ऑफिसला कळवणं) ३० दिवसात भरायची असती, ती जबाबदारी कर्जदाराची आहे, बँकेतला पोरगा "आम्ही करतो सर" म्हणतो आणि विसरतो, पावती मागून घ्या.

आणि लोन फिटल्यावर. १ डिसेंबर २०२३ पासनं नियम आहे, पूर्ण फेडल्यापासनं ३० दिवसात सगळे ओरिजिनल कागद परत द्यायचे आणि बोजा पण कमी करून द्यायचा, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. त्या वेळी ती जुनी पोच कपाटातनं काढायची आणि काउंटरवर उभं राहून एकेक कागद टिक मारत घ्यायचा, साहेब घाई करायला लागले तरी.