दोन रंगांत अख्खा गेम

गेमला वेगळा चेहरा हवा असेल तर नवे रंग घालण्याआधी एकदा रंग काढून बघा. फक्त काळा-पांढरा ठेवायचा आणि मधल्या छटा ठिपक्यांनी भासवायच्या. याला डिदरिंग म्हणतात.

शेडर (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) जेमतेम दहा ओळींचा. ४×४ चा बायर तक्ता (कुठला ठिपका किती उजळतेला पांढरा होईल हे ठरवणारे आकडे) घ्या: ० ८ २ १० / १२ ४ १४ ६ / ३ ११ १ ९ / १५ ७ १३ ५. पिक्सेलच्या आडव्या-उभ्या क्रमांकाला ४ ने भागून उरलेल्या बाकीवरून तक्त्यातला आकडा उचला, त्यात ०.५ मिळवा, १६ ने भागा. पिक्सेलची उजळता (० ते १) त्याहून जास्त असेल तर पांढरा, नाहीतर काळा. गेम ३२०×१८० मध्ये काढून चौपट किंवा सहापट मोठा करा, तोही निअरेस्ट फिल्टरने, म्हणजे मधल्या छटा न बनवता जवळचा पिक्सेल तसाच मोठा करून. साडेतीनपट केलात तर ठिपके लहानमोठे होऊन नको ते पट्टे दिसतात.

खरी गोची कॅमेरा हलला की कळते. चित्र सरकतं, ठिपके जागेवरच. जाळीच्या दारातून बघितल्यासारखं वाटतं. मी दोन संध्याकाळी शेडरमध्ये चूक शोधत बसलो, चूक नव्हतीच! टू-डी गेममध्ये उपाय सोपा: कॅमेऱ्याची जागा पूर्ण पिक्सेलमध्ये गोल करा आणि तेवढाच तक्ताही सरकवा. थ्री-डीत कॅमेरा फिरतोसुद्धा, तिथे एवढ्याने भागत नाही.

आणि हो, नमुना दाखवायला पीएनजी किंवा जीआयएफ वापरा. व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये ठिपक्यांचा चिखल होतो.