गाडी पुसायचा मायक्रोफायबर टॉवेल पाणी ओढत नाही? आधी थर ओळखा, मग धुवा

नवा असताना बॉनेटवर पसरून नुसता ओढला तरी ते कोरडं करणारा टॉवेल काही महिन्यांनी पाणी इकडून तिकडे ढकलू लागतो. असे बहुतेक टॉवेल टाकून द्यायची गरज नसते. तंतूंवर कसला तरी थर बसलेला असतो, आणि तो कशाचा आहे हे कळलं तर घरच्या बादलीत निघतो.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड (नायलॉन), साधारण 80:20 किंवा 70:30 प्रमाणात. हे दोन्ही तंतू कापसासारखे आतून पाणी पीत नाहीत. पाणी धरलं जातं ते चिरलेल्या, अतिबारीक तंतूंच्या मधल्या फटींमध्ये. त्या फटी बुजल्या किंवा तंतूंवर तेलकट पापुद्रा चढला की पाणी आत शिरत नाही. म्हणून टॉवेल स्वच्छ दिसत असूनही निकामी वाटतो.

दोष ओळखायला कोरड्या टॉवेलवर चमचाभर पाणी ओता आणि दहा सेकंद बघा. पाण्याचे मोती होऊन वरच बसले, तर थर तेलकट आहे: वॅक्स, स्प्रे सीलंट (पेंटवर फवारायचा संरक्षक थर), डॅशबोर्डचं पॉलिश, वॅक्स मिसळलेला शॅम्पू किंवा कपड्यांचं फॅब्रिक कंडिशनर. पाणी हळूहळू मुरलं, पण टॉवेल पापडासारखा कडक लागतो, तर क्षार किंवा न निघालेला साबण. टॉवेलची लव चकचकीत दिसत आणि हाताला खरखरीत लागत असेल, तर तंतू उष्णतेने वितळले आहेत. त्यावर इलाज नाही. नवाकोरा टॉवेलच पाणी ओढत नसेल, तर कारखान्यातलं फिनिश असतं. एक-दोन धुण्यांत ते जातं.

नागपुरात बऱ्याचदा दोन्ही थर एकावर एक असतात, आणि त्यातला क्षारांचा थर लोक विसरतात. तुमच्या घरचं पाणी किती जड, म्हणजे क्षारयुक्त, आहे हे बघायला कूलर उघडा. मे महिन्यात त्याच्या खसवर किंवा लाकडी भुशाच्या जाळीवर जो पांढरा थर जमतो, तोच टॉवेलच्या तंतूंतही जमतो. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी सहसा बरं असतं, पण बोअरच्या पाण्यावर धुणाऱ्यांना क्षार काढणारी, पुढे दिलेली आम्लाची पायरी टाळता येणार नाही. तुरटी फिरवून उपयोग नाही. तिने गाळ बसतो, क्षार जात नाहीत.

सुरुवात तेलकट थरापासून करायची. टॉवेल झटका, साध्या पाण्यात दोनदा खळबळून धूळ काढा. मग 6 लिटर कोमट-गरम पाण्यात 15 मिली साधं लिक्विड डिटर्जंट, कंडिशनर न मिसळलेलं. दोन-तीन टॉवेलांना एवढं पुरतं. पाणी 50 ते 55 अंशांचं हवं. 60 च्या वर नको. थर्मामीटर नसेल तर हिवाळ्यात दोन भाग उकळतं पाणी तीन भाग नळाच्या पाण्यात घाला. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चाळिशीच्या आसपास असतं, तेव्हा एक भाग उकळत्याला तीन भाग टाकीचं पुरे. उकळतं पाणी थेट टॉवेलवर ओतू नका. तासभर भिजू द्या आणि मधे दोन-तीनदा हाताने दाबा. ब्रश घासू नका, लवेचे फासे ओढले जातात. वॅक्स जास्त असेल तर डिटर्जंटसोबत चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालता येतं, पण फक्त बादलीत. मशीनमध्ये फेस आवरत नाही. गडद रंगाचे टॉवेल पहिल्यांदा वेगळे भिजवा.

धुण्याचा सोडा घालायचा मोह बोअरच्या पाण्यात टाळा. त्यातला कॅल्शियम सोड्याशी मिळून पांढरा साका होतो आणि तो तंतूंतच अडकतो.

आता खळबळणं, आणि खरी मेहनत इथेच आहे. पाणी बिनफेसाचं येईपर्यंत पुन्हा पुन्हा बदला. चार वेळा तरी लागतं. डिटर्जंट अडकून राहिलं तर टॉवेल काचेवर रेघा सोडतो, आणि पुढच्या पायरीत आम्ल घातल्यावर साबणाचा चिकट अंश सुटून पुन्हा तंतूंवर बसतो. त्यामुळे साबण आणि आम्ल एकाच बादलीत कधी घालायचे नाहीत, आणि क्रमही उलटा करायचा नाही. आधी आम्ल वापरलं तर ते तेलाच्या पापुद्र्याखालच्या क्षारांपर्यंत पोचतच नाही.

क्षारांसाठी 5 लिटर कोमट पाण्यात 15 ग्रॅम लिंबाचं फूल, म्हणजे चहाचे सपाट तीन चमचे. इतवारीतल्या किराणा दुकानांत ते सुटं मिळतं. त्याऐवजी 250 मिली पांढरं व्हिनेगरही चालतं. अर्धा तास भिजवा, जास्त नको. टॉयलेट क्लीनर किंवा ‘ॲसिड’ म्हणून विकलं जाणारं काहीही वापरू नका, कारण तीव्र आम्लाने पॉलिअमाइड गळतं. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं ब्लीच तर या बादलीच्या जवळही नको: आम्लाशी मिसळलं की विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटचं खळबळणं शक्य तितक्या मऊ पाण्यात करा. पावसाळ्यात गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी उत्तम, एरवी आरओचं पिण्याचं दोन-तीन लिटर पुरतं. आरओमधून बाहेर पडणारं वाया पाणी बरेच जण धुण्यासाठी साठवतात. पाणी वाचवण्याची सवय चांगली, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात, म्हणून टॉवेलला ते लावू नका. कूलरच्या टाकीच्या तळाच्या पाण्याचंही तसंच.

पिळताना जोरात मुरड घालू नका. दोन्ही हातांनी दाबून पाणी काढा किंवा मशीनमध्ये कमी वेगाने फिरवा. वाळवायचं सावलीत. 45 अंशांच्या दिवसांत तापलेल्या स्लॅबवर किंवा गाडीच्या बॉनेटवर पसरलेला टॉवेल फार तापतो, आणि सततचं कडक ऊन पॉलिअमाइड कमजोर करतं. वरून वारा सुटला की धूळ बसते, आणि तीच पुढच्या वेळी पेंटवर बारीक ओरखडे काढते. घरात, पंख्याखाली, दोरीवर. पावसाळ्यात ओलसर टॉवेल डिकीत ठेवू नका, कुबट वास लवकर जात नाही. इस्त्री कधीच नको. ड्रायर असेल तर सगळ्यात कमी तापमानावर.

वाळल्यावर चमचाभर पाण्याची चाचणी पुन्हा करा. सुधारणा अर्धवट असेल, तर फक्त डिटर्जंटची पायरी परत करा; जुना सीलंट एका भिजवण्यात सुटत नाही. किचनच्या काट्यावर कोरडा टॉवेल आणि पूर्ण भिजून गळती थांबलेला टॉवेल मोजून आकडे लिहून ठेवले, तर पुढच्या घसरणीचा अंदाज डोळ्यांपेक्षा नेमका येतो. वापरताना टॉवेल आधी किंचित ओलसर करा. अगदी कोरडा टॉवेल पहिल्या हाताला कमी ओढतो.

मशीनमध्ये नेहमीचं धुणं करायचं असेल, तर हे टॉवेल सुती कपड्यांसोबत टाकू नका. सुती कपड्यांची लव त्यांच्या फाशांत अडकते. लिक्विड नेहमीच्या निम्मं, पाणी 40 अंश, एक जादा रिन्स. कंडिशनरचा कप्पा नुसता रिकामा नको, पुसून काढा. पावडर जड पाण्यात नीट विरघळत नाही, तिचे कण राहतात.

सिरॅमिक कोटिंग (पेंटवर चढवायचा, वाळून कडक होणारा लेप) पुसायला वापरलेला टॉवेल मात्र या कशानेही परत येत नाही, कारण आतला थर कडक होऊन बसतो. वितळलेल्या लवेचा टॉवेलही तसाच. दोन्हींचा एक कोपरा कापून खूण करा आणि चाकं, दारांच्या कडा, इंजिनाचा भाग यांसाठी वेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे घाईत हात पेंटवर त्यांच्यासकट जाणार नाही.