आलेखातला अनपेक्षित उंचवटा कसा वाचावा
रत्नागिरीत बसून सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेची खुली विदा (सर्वांना उपलब्ध असलेल्या नोंदी) तपासणाऱ्या विद्यार्थ्यांनी आलेखात उंचवटा दिसताच नव्या कणाचे नाव घेऊ नये. आधी डिटेक्टरचे, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्राचे, अंशांकन (मोजमाप अचूक येते ना याची जुळणी) आणि पार्श्वभूमीचा, म्हणजे आधीच माहीत असलेल्या प्रक्रियांतून येणाऱ्या नोंदींचा, अंदाज पुन्हा तपासावा. कोणत्या नोंदी घ्यायच्या या निवडीच्या अटी विदा पाहण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवाव्यात. ही शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते. मग आपण किती ठिकाणी शोधले ते मोजावे, कारण किनाऱ्यावर शंभरदा रापण ओढली तर एखाद्या खेपेस जाळे केवळ योगायोगानेही भरून येते. डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या सर्नच्या दोन्ही प्रयोगांना ७५० जीईव्हीजवळ (जीईव्ही हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या, त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले, आणि ऑगस्ट २०१६ पर्यंत अधिक विदा येताच तो उंचवटा विरला. पाच सिग्मा, म्हणजे असा उंचवटा केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता नगण्य ठरते ती पातळी, गाठेपर्यंत शोधाचा दावा करू नये.