रोमिओ आणि ज्युलिएट यांच्या चित्रणाचा अभ्यास कसा करावा

शेक्सपिअरच्या या शोकांतिकेतील प्रेमिकांवर 'अमर प्रेम' असा शिक्का आधीच मारू नये. दोघांचे संवाद वेगवेगळे वाचून कोण कोणत्या शब्दांत बोलतो, याची नोंद करावी. सुरुवातीला रोमिओ रोझालाइन या दुसऱ्याच तरुणीसाठी झुरत असतो आणि त्याची भाषा उसन्या अलंकारांनी जड झालेली असते.

पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश मात्र सावकाश वाचावा. तेथे दोघांच्या पहिल्याच संभाषणातून 14 ओळींचे सुनीत तयार होते; तो यात्रेकरू होतो, तिला संतमूर्ती ठरवतो आणि ती त्याच्या प्रत्येक कल्पनेला तितक्याच चतुराईने उत्तर देते. ती केवळ आराध्य नाही, त्याच्या बरोबरीची आहे.

सज्जाच्या प्रवेशात, दर महिन्याला रूप पालटणाऱ्या चंद्राची शपथ घेऊ नकोस, असे बजावणारी ज्युलिएट अजून 14 वर्षांचीही झालेली नाही, तरी लग्नाचा विषय तीच काढते. माझ्या मते नाटककाराने व्यवहारज्ञान तिलाच अधिक दिले आहे.

चौथ्या अंकातील, मृतवत झोप आणणारे औषध पिण्यापूर्वीचे तिचे स्वगत अवश्य अभ्यासावे: थडग्यात पूर्वजांच्या हाडांमध्ये एकटीलाच जाग आली तर काय, ही भीती ती लपवत नाही आणि तरीही औषध पिते.