छंद जडावा आणि टिकावा यासाठी

ठाण्याहून किंवा वाशीहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाचे बहुतेक काम कधी पूर्ण झाल्यासारखे वाटतच नाही; एक फाइल हातावेगळी झाली की दुसरी समोर येते आणि झालेल्या कामात आपला वाटा किती, हेही कळत नाही. छंदात मात्र सुरुवात, शेवट आणि सुधारणा या तिन्ही गोष्टी आपल्याला स्वतःला दिसतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की ‘हे मला जमते’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो एखादे काम स्वतः तडीस नेल्याच्या अनुभवाने. इतरांची शाबासकी त्या मानाने कमी पडते. म्हणून छंद निवडताना आवडीइतकेच महत्त्व ‘त्यातली प्रगती मला दिसेल का’ या प्रश्नाला द्यावे.

सुरुवात खरेदीने करू नये. सामान आधी आणि छंद नंतर असा क्रम झाला, की सामान बहुधा माळ्यावर जाते. घराबाहेर पडणे शक्य नसेल, तर खिडकीच्या ग्रिलमध्ये पसरट कुंडी ठेवून मेथी पेरावी. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि साधारण महिनाभरात भाजी हाती येते.

बाहेर पडता येत असेल, तर ठाणे-नवी मुंबईत पक्षीनिरीक्षणासारखा दुसरा छंद नाही, असे माझे मत आहे. ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तेथे रोहितांचे थवे असतात. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात दूरवर पांगतात. पाणी चढू लागले की चिखलाचा पट्टा आक्रसतो आणि ते किनाऱ्याजवळ सरकतात. पहिल्या दिवशी सगळेच गुलाबी दिसतात. मग लक्षात येते, की छोट्या रोहिताची चोच गडद लाल, जवळजवळ काळपट असते, तर मोठा रोहित अंगाने फिकट असून त्याच्या गुलाबी चोचीचे फक्त टोक काळे असते. हा फरक कोणी न सांगता ओळखता आला, की त्या दिवशीचे काम झाले. तारीख, जागा आणि फरक वहीत लिहून घरी यावे. पुढच्या खेपेस नेरूळच्या पाणथळीवर लांब गुलाबी पायांचा शेकाट्या शोधावा, त्यानंतर तुतवारांकडे, म्हणजे चिखलात भक्ष्य टिपणाऱ्या छोट्या पक्ष्यांकडे वळावे, जे ओळखताना जाणकारही अडखळतात. अवघडपणा असा एकेक पायरीने वाढवला, तर कंटाळाही येत नाही आणि धीरही सुटत नाही.

वेळ ठरवताना ‘सवड मिळाली की’ असे म्हणू नये, कारण ती मिळत नाही. रविवारचा सकाळचा चहा किंवा रात्रीचे जेवण अशा ठरलेल्या गोष्टीला छंद जोडून द्यावा. दर खेपेला फोटो टाकून किती जणांना आवडला हे पाहण्याचा मोहही निदान सुरुवातीला आवरावा. नाहीतर मोजमाप पुन्हा दुसऱ्यांच्या हाती जाते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ देशांतील ६५ वर्षांवरील सुमारे ९३,००० व्यक्तींची माहिती तपासली गेली, तेव्हा छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक आढळले. मुळात उत्साही असलेली माणसेच छंदाकडे अधिक वळत असतील, हेही खरे. त्यामुळे छंदाला औषध समजू नये आणि खिन्नता आठवडेच्या आठवडे टिकली, तर डॉक्टरांकडे जावे.

पावसाळ्यात खाडीवरचे थवे निघून जातात, तेव्हा वही बंद करू नये. ज्या नोंदींपुढे प्रश्नचिन्ह राहिले असेल, त्या वेगळ्या काढून १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी बसून पुस्तकांशी ताडून पाहाव्यात, आणि ज्यांचा उलगडा होणार नाही त्यांची यादी हिवाळ्यातल्या पहिल्या फेरीसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.